बाबांचं एक जपानी वाक्य

बाबांना जपानी येतं हे मी अमेरिकेत कुणाला कधी सांगितलं नव्हतं. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं. पुण्याजवळच्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं जपानी यंत्रांची माहितीपुस्तकं भाषांतरित केली. संध्याकाळच्या वर्गांना जाऊन, परीक्षा देऊन ते ही भाषा शिकले होते. जपानी इंजिनीअर कारखान्यात यायचे, पण त्यांचा दुभाष्या त्यांच्याबरोबर असायचा. बाबा आपले मागच्या खोलीत, कागदांच्या ढिगाआड. त्यामुळे 'तुम्ही कसे आहात' यापेक्षा 'झडप बंद असल्याची खात्री करा' हे त्यांना जपानीत जास्त सहज यायचं. आई यावरून त्यांची फिरकी घ्यायची.

जपानला जायची वेळ एकदा आली होती. कंपनीने आधी दोनदा दुसऱ्यांना पाठवलं, आणि तिसऱ्यांदा बाबांचं नाव लागलं तेव्हा माझी बारावी होती. त्यांनी परस्पर नकार कळवून टाकला. मला हे आईकडून कळलं, तेही माझ्या लग्नानंतर. मी तेव्हा 'अगं बाई' म्हणाले आणि विषय बदलला.

गेल्या वर्षी आईबाबा ओहायोला, डब्लिनमध्ये माझ्याकडे आले होते. मला ऑफिसच्या कामासाठी तीन दिवस लॉस एंजेलिसला जायचं होतं. म्हटलं, पुढे शनिवार-रविवार जोडून घेऊ, बाबांना तिथली जुनी जपानी वस्ती, लिटल टोकियो, दाखवू. टोकियो नाही तर निदान लिटल टोकियो. आई गुडघ्यांमुळे नातीजवळ राहिली. बाबांना विचारलं तर ते नुसतं 'बरं' म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डायरी घेऊन बसले.

अडचण खाण्याची होती. बाबा शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, आणि जपानी सूप म्हटलं की त्यात सुकवलेल्या माशाचा अर्क असतोच, हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होतं. तो अर्क म्हणजे दाशी. मग त्यांनी वाक्य तयार केलं: मी मासे आणि मांस खात नाही, तर या सूपमध्ये माशाची दाशी आहे का? वाक्य अत्यंत अदबीचं होतं म्हणे. आठवडाभर ते डायनिंग टेबलाशी बसून त्याची तालीम करत होते. माझी मुलगी वेटर व्हायची. ती नऊ वर्षांची, उत्तर नेहमी इंग्रजीत. आजोबांनी वाक्य म्हटलं की ती कमरेत वाकून 'नो फिश, सर' म्हणायची आणि दोघं हसायची. मला तेव्हा स्वयंपाकघरातून ते ऐकून बरंच वाटत होतं. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला तसं वाटणार नाही.

शनिवारी आम्ही मेट्रोने गेलो. तिथली ती लाल लाकडी मनोऱ्याची कमान, डोक्यावर कागदी कंदील, काचेआड मांडलेले प्लॅस्टिकचे खोटे पदार्थ. बाबा प्रत्येक काचेपुढे थांबत. दुकानांच्या पाट्या पुटपुटत वाचायची त्यांची जुनी सवय, पण इथे त्या पाट्या जपानी होत्या आणि बाबा त्या लक्ष्मी रोडवरच्या असल्यासारख्या घडाघडा वाचत होते. एका पाटीवरचं अक्षर चुकीच्या वळणाने रंगवलंय असंही त्यांनी मला दाखवून दिलं. मी फोनवर रेस्टॉरंटचे रिव्ह्यू बघत होते.

जेवायला आम्ही एका गजबजलेल्या ठिकाणी गेलो. टेबलं इतकी चिकटून की शेजारच्याचं बोलणं आपल्याच ताटात पडावं. वेटर पंचविशीतला, चेहऱ्याने जपानी. तो पाणी घेऊन आला तसे बाबा चक्क उभे राहिले. दोन्ही हात मांड्यांना लावून वाकले आणि वाक्य म्हणू लागले. आवाज जरा मोठा होता, शाळेत कविता म्हणणाऱ्या मुलाचा असतो तसा.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. पंधरा वर्षं मी या देशात आहे. दुकानाच्या रांगेत मला बघून हात जोडून 'नमस्ते' म्हणणारे लोक मला भेटतात, 'तुझं इंग्रजी किती छान आहे' म्हणणारे भेटतात, आणि दर वेळी माझ्या अंगाचा तिळपापड होतो. ऑफिसात मी यावर तावातावाने बोलते. चेहरा बघून माणसाची भाषा ठरवू नये, हे माझं ठरलेलं वाक्य. आणि इथे भर गर्दीत माझा बापच तेच करत होता. शेजारच्या टेबलावरच्या दोन मुली वळून बघायला लागल्या. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

तो मुलगा चांगला होता. तो हसून म्हणाला की सॉरी, मला फक्त इंग्रजी येतं, माझी आजी बोलायची. बाबांना बहुतेक वाटलं की आपलाच उच्चार चुकला. त्यांनी खिशातून डायरी काढली आणि वाक्य पहिल्यापासून, आणखी सावकाश म्हणायला सुरुवात केली. तेव्हा मी त्यांच्या शर्टाची बाही धरून त्यांना खाली बसवलं.

"प्लीज एक्स्क्यूज माय फादर," मी त्या मुलाला म्हणाले. मग भराभर इंग्रजीत विचारलं. व्हेज रामेनमध्ये, म्हणजे त्यांच्या शेवयांच्या सूपमध्ये, दाशी नाही, मशरूमचं पाणी आहे, असं त्याने सांगितलं. मी दोन मागवले. सगळं अर्ध्या मिनिटात उरकलं.

तो गेल्यावर मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. मी तशी तोंडाची फटकळ, आणि बाबांशी बोलताना तर लगामच नसतो.

"चेहरा बघून लोकांशी बोलायचं नसतं, बाबा. तो इथेच जन्मलाय, त्याला किती वाईट वाटलं असेल. तुमचं जपानी इथे कुणालाही नकोय."

बाबा 'बरं' म्हणाले. डायरी त्यांनी खिशात ठेवली, खिशाचं बटण लावलं. रामेन आलं तेव्हा त्यांनी वाडग्यासमोर हात जोडले आणि ओठ हलवले, पण काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. त्यांनी सगळं संपवलं. चव चांगली आहे असंही सांगितलं. मी सूप नुसतं ढवळत स्वतःला समजावत होते की मी बोलले त्यात चूक काय आहे. चूक काहीच नव्हती. अजूनही ते वाक्य मला तत्त्व म्हणून खोडून काढता येत नाही, आणि म्हणूनच त्याची जास्त लाज वाटते.

जेवणानंतर आम्ही आणखी तासभर फिरलो. वह्या-पेनांचं एक दुकान होतं, तिथे त्यांनी नातीसाठी ससे छापलेली खोडरबरं घेतली. पाट्या ते वाचत होते, पण आता आवाज नव्हता. मला ते दिसलं होतं. मी म्हटलं, रागावलेत, होतील संध्याकाळपर्यंत शांत.

शेवटी आम्ही मिठाईच्या एका जुन्या दुकानात शिरलो. तांदळाच्या पिठाचे गुलाबी, पांढरे मऊ गोळे, आत गोड वाटलेल्या डाळीचं पुरण. बाबांना ते आईसाठी न्यायचे होते. काउंटरमागे एक बाई होत्या, ऐंशीच्या तरी असतील, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. बाबा काचेला नाक लावून एकेका चिठ्ठीवर बोट फिरवत होते, आणि तेवढ्यात सवयीने त्यांच्या तोंडून एक चिठ्ठी मोठ्याने वाचली गेली.

बाईंनी मान वर केली. त्यांचा चेहरा एकदम खुलला. "निहोंगो, योमेरुन देसुका?"

मला जपानी येत नाही. पण निहोंगो म्हणजे जपानी भाषा, हे मी लहानपणी बाबांच्या कॅसेटवर इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही ओळखेन. त्या विचारत होत्या, तुम्हाला जपानी वाचता येतं का. इतक्या वर्षांत एका जपानी माणसाने बाबांना त्यांच्याबद्दल विचारलेला हा मी ऐकलेला पहिला प्रश्न.

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"नो, नो," ते इंग्रजीत म्हणाले. "सॉरी मॅडम. ओन्ली इंग्लिश."

बाईंनी हसून मान डोलावली आणि इंग्रजीत विचारलं, सहाचा बॉक्स देऊ की बाराचा. तेव्हा मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. माझं इंग्रजी छान आहे, सगळेच म्हणतात. अहो, हे खोटं सांगताहेत, यांनी एकतीस वर्षं तुमची भाषा वाचली आहे, एवढंच. पण तसं म्हटलं असतं तर बाबा खोटं का बोलले तेही सांगावं लागलं असतं. मी पर्समध्ये कार्ड शोधत राहिले. कार्ड हातातच होतं.

आईला मिठाई आवडली. जपानी बोललात की नाही, असं तिने विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, तिकडे सगळे इंग्रजीच बोलतात. मुलीने वेटर व्हायची तयारी दाखवली, तर म्हणाले, आता नको बाळ. पुढच्या महिन्यात ते दोघं पुण्याला परत गेले. मी माफी मागितली नाही. विमानतळावर दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा सामानाचं काहीतरी विचारलं.

या मार्चमध्ये पुन्हा कामासाठी लॉस एंजेलिसला गेले. दुपारी चारनंतर वेळ काढून त्या दुकानापाशी पोचले. काचेतून बाई दिसत होत्या. पुण्यात तेव्हा पहाट होती, पण बाबा लवकर उठतात. समोरच्या बाकावर बसून मी त्यांना फोन लावला आणि म्हटलं, बाबा, मला एक वाक्य जपानीत सांगा. 'माझ्या वडिलांना जपानी वाचता येतं.' त्या मिठाईवाल्या आजींना सांगायचंय.

मला वाटलं, आता बोलतील, तेव्हा का गप्प बसलीस म्हणून विचारतील. विचारावं, असंच मला वाटत होतं.

"सांगतो," बाबा म्हणाले. "पण आधी त्यांना इंग्रजीत विचार हं, जपानीत बोललं तर चालेल का म्हणून. उगाच कुणाला वाईट वाटायला नको."

टोमणा नव्हता तो. ते मनापासून सांगत होते, मी शिकवलेलं मलाच. मग त्यांनी एकेक शब्द सुटा करून वाक्य सांगितलं, लिहून घेतलंस का म्हणून दोनदा विचारलं. मी हो म्हटलं. हातात पेन होतं, पण समोरचा कागद मला दिसत नव्हता.