बाबांनी स्वप्नात काय मागितलं

सर्व संबंधितांना कळवण्यास अत्यंत खेद होतो की, गोवा राज्य झाल्यानंतरच्या पहिल्याच खाण हंगामात, डिचोलीच्या आमच्या राहत्या घरातून माझं एक स्वप्न हरवलं. राज्याच्या कारभारावर त्याचा काही परिणाम झाला नाही. आमच्या घराचा कारभार मात्र आठ दिवस बंद पडला.

झालं असं. बाबांचं वर्षश्राद्ध आठ दिवसांवर आलं होतं आणि पहाटे ते माझ्या स्वप्नात आले. पांढरा सदरा, सोप्यावर उभे, हात तोंडाकडे नेऊन काहीतरी मागत होते. काय मागताहेत ते कानावर पडणार, इतक्यात दारात कंपनीची जीप वाजली. (मी तेव्हा सुर्ल्याच्या खाणीवर ट्रकच्या ट्रिपा लिहायचो. पहाटे पाचला जीप, सात वाजल्यापासून खनिजाची धूळ, रात्री आठला घर. अशा माणसानं स्वप्न लक्षात ठेवायचं कधी?)

माझी चूक एवढीच की हे मी आईला सांगितलं. आई पेडण्याची. बाबांसमोर तिनं जन्मात आवाज चढवला नव्हता. ती सगळी कसर माझ्यावर काढायची.

"काय मागल्यानी?"

"ऐकू नाही आलं. जीप वाजली."

"वर्साभरान माणूस घराकडे येता, तोंडान मागता, आणि तू जीप आयकतस?"

हात तोंडाकडे नेला म्हणजे खायलाच मागितलं, याविषयी घरात दुमत नव्हतं. पण काय? जे मागितलं ते श्राद्धाच्या पानावर नसेल तर कावळा शिवणार नाही, कावळा शिवला नाही तर बाबा उपाशी परत जाणार, आणि मग आईही जेवणार नाही. हे तिनं शांतपणे जाहीर केलं. आई शांतपणे बोलली की आमच्याकडे भांडीसुद्धा वाजायची थांबतात.

शेजारच्या दामू मास्तरांनी कुठल्याशा मासिकात उपाय वाचला होता. "जाग आली की हलायचं नाही. डोळे उघडायचे नाहीत. शेवटचं आठवेल तिथून मागे मागे जायचं आणि हाताला लागेल त्या कागदावर लिहून टाकायचं."

दुसऱ्या दिवसापासून मी जाग आल्यावर ओंडक्यासारखा पडून राहू लागलो. बाहेर जीप कोकलत असायची. बायको दारात जाऊन सांगायची, "थांबा जरा. झोपलेले नाहीत ते, आठवताहेत."

तीन दिवसांत मला आठवलं ते एवढंच: म्हापशाच्या बसमध्ये मी उघडा बसलोय आणि मांडीवर भोपळा आहे. आईनं भोपळा यादीत घातला. यादीत तोपर्यंत खतखतं, वडे, खीर, आंबाड्याचं रायतं आणि पोदेराकडचे कडक उंडे जमा झाले होते.

"श्राद्धाला पाव?" बायकोनं विचारलं.

"तेंका आवडायचो," आई म्हणाली. विषय संपला.

पाचव्या दिवशी, दुपारी, खाणीवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये जेवून मी जरा टेकलो आणि बाबा आले! तोच सदरा, तोच हात, आणि या वेळी बोललेसुद्धा, स्पष्ट. तेवढ्यात खिडकीवर थाप पडली. पांडू ड्रायव्हर.

मी हललो नाही. डोळे उघडले नाहीत. मास्तरांच्या आज्ञेनुसार हाताला लागेल त्या कागदावर सगळं लिहून टाकलं. पेन खाली ठेवलं आणि मन इतकं हलकं झालं की काय लिहिलं तेही त्यातून उडून गेलं. हरकत नाही, कागद आहे ना!

कागद नव्हता. हाताला लागलं होतं ते ट्रिपचं चिठ्ठीबुक. पांडूनं सवयीनं खिडकीतून हात घालून वरची चिठ्ठी फाडली होती आणि बाबांना घेऊन तो नदीवरच्या जेटीकडे निघून गेला होता. खालचा कार्बन झिजून पांढरा पडलेला. प्रतीवर फक्त 'बाबा' एवढंच उमटलं होतं.

कुणाची तरी स्कूटर दामटत जेटीवर पोचलो. तिथला कारकून चहा पीत होता.

"चिठ्ठी? आली ना. सही केली, बार्जवर दिली."

"वाचली नाहीस?"

"बाब, वाचायची पद्धत नाही इथं."

बार्ज खनिज घेऊन मुरगाव बंदराच्या वाटेला लागली होती.

श्राद्धाचा दिवस उजाडला. सतरा पदार्थांचं पान अंगणाच्या दगडी गडग्यावर मांडलं. अकरा वाजले, बारा वाजले, एक वाजला. समोरच्या फणसावर एक कावळा मान वाकडी करून बसला होता, पण खाली उतरेना. भटजी घड्याळ बघत होते, पाहुणे वासावर जगत होते आणि आई माझ्याकडे बघत होती.

इतक्यात पांडूचा ट्रक दारात थांबला. "बाब, तुमची चिठ्ठी मुरगावहून परत आयली." चिठ्ठीवर लाल शाईचा शेरा होता: 'मालाचे वर्णन जुळत नाही. खुलासा करावा.'

"वाच," आई म्हणाली. मी चिठ्ठीवर नजर टाकली आणि ती घडी करून पांडूला परत देऊ लागलो. शेवटी पांडूनंच वाचलं, सगळ्यांसमोर, मोठ्यानं:

"बाबा. पांढरा सदरा. म्हणाले, पुता, खाणं ठेव बाजूला. माझे दात खंय?"

अंगणातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

आता कबूल करतो. बाबांनी शेवटच्या दिवसांत म्हापशाला वरची कवळी करून घेतली होती. नवी कोरी. ते गेले तेव्हा ती त्यांच्याबरोबर द्यायची म्हणून आईनं माझ्या हातात दिली होती, आणि मी ती दंतमंजनाच्या रिकाम्या डबीत लपवून ठेवली. आमच्या घराण्यात जबडे सारखेच. म्हटलं, पुढेमागे मला होईल.

आईनं नुसता माझ्यापुढे हात पसरला. त्यापेक्षा चपलेनं मारलं असतं तर बरं वाटलं असतं. मी मुकाट्यानं डबी आणली. तिनं कवळी धुतली आणि पानावर, उंड्याशेजारी ठेवली.

"वहिनी, शास्त्रात दात बसत नाहीत," भटजी चाचरले.

"तेंका बसतत," आई म्हणाली.

आम्ही मागे सरलो. कावळा तत्काळ उतरला. पानाभोवती एक फेरी मारली, खिरीकडे पाहिलं नाही, वड्याकडे पाहिलं नाही, कवळी चोचीत धरली आणि थेट फणसावर जाऊन बसला.

आणि जन्मभर नवऱ्यासमोर 'बरं' पलीकडे शब्द न उच्चारलेली माझी आई पदर खोचून अंगणाच्या मधोमध धावली आणि सगळ्या वाड्याला ऐकू जाईल अशी वर बघून ओरडली:

"अवो, दात गावले मां? मग आता जेवान तरी जावा!"