सर्व्हरवर चाल करून आलेले तिघे

आईशप्पथ, यातला शब्द न्‌ शब्द खरा आहे. एक भाग सोडून. तो कोणता, ते शेवटी सांगतो. तोवर विश्वास ठेवायला काय जातं तुमचं?

मनीषनगरच्या एका रक्ततपासणीच्या लॅबचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. तिथला सर्व्हर अधूनमधून रुसायचा आणि पेशंटांचे रिपोर्ट अडकायचे. एका सोमवारी लॅबच्या मॅडमनी बसा म्हणायच्या आधीच सुनावलं, "विनायकराव, सर्व्हर बंद पडला हे मले पेशंटनं सांगावं काय? या हप्त्यात पुन्हा झालं तर मी दुसरा माणूस पाहीन."

म्हणून मी प्रोब बसवला. प्रोब म्हणजे एक छोटासा प्रोग्राम. दर मिनिटाला सर्व्हरच्या दारावर, म्हणजे पोर्टावर, जाऊन टकटक करतो. दार उघडलं की हिरवा दिवा. नाही उघडलं की लाल, आणि माझ्या मोबाईलवर बोंब.

मंगळवारी एकदाच लाल झाला, लगेच हिरवा. आता असं का, हे पाहिल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरेल का? दर दहा सेकंदाला तपासायला लावलं. लाल वाढले. दर सेकंदाला लावलं. आणखी वाढले. मग वाटलं, लॅबच्या लाइनीतच खोट असेल, बाहेरून पाहू. बेसा भागातल्या माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रोब टाकला, भिवापूरला साळ्याच्या बियाण्याच्या दुकानात एक.

गुरुवारी सकाळी सर्व्हर पार आडवा. बाहेर पेशंटांची रांग, आत मॅडम.

"काय करून राहिले तुम्ही?"

"मॅडम, हल्ला आहे," मी म्हणालो. सर्व्हरला कोण कोण चिकटलंय त्याची यादी मी काढली होती. "तिघं जण आहेत. रात्रभर आत घुसून राहिले. एक तर आपल्याच लॅबमधला."

"आपल्यातला? काहून?"

"फितुरी, मॅडम. आणि एक भिवापूरकडचा दिसते."

भिवापूर म्हटल्यावर साळ्याला फोन लावला. स्पीकरवर, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून.

"काय गा प्रशांत, तुमच्या गावात कोणी कॉम्प्युटरचा चोर आहे काय?"

"चोराचं माहीत नाही, भाऊजी. पन तुमी परवा टाकलं ते चालूच आहे. पंखा लय ओरडून राहिला. बंद करू काय?"

त्यानं बंद केलं. यादी एक तृतीयांशानं आटली.

तेव्हा उजेड पडला. माझा प्रोब दार उघडलं की आत जायचा, पण निरोप घेऊन परत यायचा नाही. आपण नाही का, "येतो मग" म्हणून फाटकाशी अर्धा तास उभे राहतो, तसा. सर्व्हरच्या घरात जागा ठरावीक. ती माझ्याच पाहुण्यांनी भरली, रिपोर्टवाले बाहेर. हे सगळं मी फोनवरच बोलून गेलो.

"म्हंजे भाऊजी," प्रशांत म्हणाला, "पाहाले येनाऱ्यायनंच रोगी मारला."

मॅडमनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून सगळं कबूल केलं.

तर, खोटा भाग हा. फोन स्पीकरवर नव्हता आणि मी काही कबूलही केलं नाही. मी तो कानाला घट्ट दाबून "हं, हं" केलं, गुपचूप तिन्ही प्रोब बंद केले आणि मॅडमना सांगितलं की हल्ला परतवला. त्यांनी स्टाफसमोर मला शाल आणि नारळ दिला. आता त्यांच्या मैत्रिणीच्या लॅबमध्ये, हल्ला आला तर काय करावं, हे शिकवायला मला बोलावलंय. परतवायचा कसा ते मला अजून ठाऊक नाही. करायचा कसा, ते मात्र बिनचूक शिकवू शकतो.