ठिपक्यांच्या जागी

अन्सार मुकादमला राग आला की तो छिन्नी खाली ठेवायचा आणि फडक्याला हात पुसायचा. त्या दिवशी त्याने तीनदा हात पुसले.

म्हसळ्याचा हा माणूस आखातातल्या बुसैतीनच्या संगमरवराच्या कारखान्यात सोळा वर्षं अक्षरं कोरत होता. १९९६ साली मनामातल्या एका नव्या हॉटेलाला दारावर रोमन वेशीसारखी कमान हवी होती. हॉटेलच्या मालकाने जुन्या पुस्तकातल्या पानाची झेरॉक्स पाठवली. अडीचशे वर्षांपूर्वी एका इंग्रज प्रवाशाने तुर्कस्तानातल्या एका पडक्या शहराच्या वेशीवरचा लॅटिन लेख उतरवून घेतला होता. अक्षरं झिजली होती तिथे त्याने ठिपके दिले होते. पुढे वेस पाडली गेली, दगड चुन्याच्या भट्टीत गेले. लेख उरला तो कागदावरच. पानाखालची ही टीप अन्सारच्या मुलीने, उमैमाने, त्याला वाचून दाखवली होती. ठिपक्यांची जागा त्याने कोरीच सोडली. कागदावरच्या तशा नमुन्यावर कारखान्याचे इंजिनियर शैलेंद्र दामल्यांनी सही केली होती.

दगड बघायला मालक आला. "इथली अक्षरं कुठे गेली?" त्याने विचारलं.

"कारागिराची चूक," दामले अन्सारदेखत म्हणाले. "उद्या भरून देतो."

मालक गेल्यावर अन्सार म्हणाला, "साहेब, सही तुमची हाय."

"जाऊ द्या हो, अन्सारभाई. काहीतरी कोरून टाका. कोण वाचणार आहे?"

"ज्यानं डोळ्यांनी बघितलं त्याला दिसलं नाय. मला कसं दिसंल?"

"तुमचं काम कोरायचं. विचार करायचं नाही."

"मंग चूक तरी माझी कशी?"

दामल्यांनी दुसऱ्याकडून पाच अक्षरं कोरून घेतली. सकाळी ती बघून अन्सारचं डोकं सणकलं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्याने ती पाचही तासून टाकली. दगडाला तिथे खळगा पडला.

"खलास! व्हिसा कॅन्सल करतो तुमचा," दामले धावत आले.

अन्सार थेट हॉटेलच्या मालकाकडे गेला. दामल्यांची सही असलेला नमुना आणि झेरॉक्स त्याच्यापुढे ठेवून उभा राहिला. मालकाने दोन्ही कागद निरखले. "पानावर आहे तसंच दगडावर आहे," तो म्हणाला. "राहू दे."

कमान लागली. व्हिसा वाचला, पण दामल्यांनी अन्सारला बाथरूमच्या लाद्या घासायच्या मशीनवर बसवलं. मायदेशी परतेपर्यंत, तीन वर्षं, त्याच्या हाती छिन्नी आली नाही. त्यानेही दामल्यांशी मराठी सोडली. एका ईदला ते हसत म्हणाले, "काय अन्सारभाई, मराठी विसरलात?"

मशीन न थांबवता अन्सार म्हणाला, "जी साब, बोलिए."