चार मुठी मीठ

माझ्या नातीने, सईने, टाकीतले गोड्या पाण्यातले मासे मैत्रिणीला दिले आणि तिथे समुद्र करायला घेतला. खास मीठ आणून बादलीत ढवळलं, खारटपणा मोजला. आता काचेआड नुसते दगड आणि पाणी.

"मासे कधी?"

"महिन्याभराने, आजी. आधी पाणी तयार व्हायला हवं."

"पाणी आहे की लोणचं?"

ती हसली. मी मात्र त्या रिकाम्या पाण्याकडे बघत बसले. नुसत्या पाण्याची महिनाभर वाट पाहणं या पोरीला विसाव्या वर्षी जमतंय. तिशीतल्या मला एक संध्याकाळ जमली नव्हती.

काय बया होती ती तिशीतली मी! एका हॉटेलात समुद्रातले निळे-पिवळे मासे पाहून आली आणि घरातले गोल्डफिश तिला एकदम गावंढळ वाटायला लागले. लगेच डब्यातलं मीठ काढून चार मुठी टाकीत ओतलं. म्हणे, रंग खुलेल! आमटीत चिमूटभर जास्त पडलं तर नाक मुरडणारी ही शहाणी.

सकाळी दोन्ही मासे उलटे तरंगत होते. नवरा टाकीपाशी उभा राहून म्हणाला, "कालच मी पाणी बदललं होतं. माझंच काहीतरी चुकलं."

बयेने तोंड उघडलं नाही.

पुढे कुणी मासे पाळायचा विषय काढला की हे म्हणायचे, "नको, माझ्या हाताला मासे लाभत नाहीत." आणि मी शेजारी बसून मान डोलवायचे.