टोपली घेऊन जा

मंडळी, आज सकाळी एका फोनने माझी पार झोप उडवली, ते सांगते.

मी घरी बाळांच्या कुंच्या शिवते. सदाशिव पेठेत लहान मुलांच्या कपड्यांचं एक दुकान आहे. तिथल्या काकांकडे टोपलीभर कुंच्या ठेवल्या होत्या, खपल्या तर खपल्या, नाहीतर परत न्यायच्या या बोलीवर. आज काकांचा फोन आला. "तुमची टोपली घेऊन जा. जागा अडते." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

म्हणजे माल परत. वाघोलीहून स्कूटरवर जाताना रस्ताभर स्वतःशीच भांडत होते. रंगच भडक निवडले मी. आणि हल्ली कुंची घालतंय कोण? कुंच्या भरून आणायला दोन मोठ्या पिशव्याही घेतल्या होत्या.

दुकानात शिरले तर काकांनी मान वर न करता कोपऱ्याकडे बोट दाखवलं. टोपली रिकामी होती. तळाशी फक्त एक सुटलेला लाल गोंडा.

"काका, कुंच्या?"

"गेल्या. शेवटची एका गृहस्थांनी मांजरीसाठी नेली. माप बसलं म्हणे."

"अहो, मग फोनवर सांगायचं ना तसं. मी रडकुंडीला आले होते."

"टोपली घेऊन जा म्हटलं. कुंच्या घेऊन जा म्हटलं होतं का? आणि आता भरूनच आणा."

आत्ता मशीनवर पिवळंधमक कापड आहे. तुमच्यापैकी कुणाकडे मांजर असेल, तर तिच्या डोक्याचं माप खाली लिहाल का?