मालकीणबाईंच्या पूर्वजांचा वंशवृक्ष

आयर्लंडमधल्या ड्रोहेडाच्या आमच्या घरमालकिणीला मी मनातल्या मनात रोज शिव्या द्यायचो. २०२१ साली भाडेकरार संपत आला होता, आणि ही बया मुदत वाढवायचं नावच काढत नव्हती. बायकोचं हॉस्पिटल चालत दहा मिनिटांवर, लेकीची शाळा कोपऱ्यावर. दुसरं घर काही केल्या मिळत नव्हतं. अडला हरी, गाढवाचे पाय धरी.

बाईंना पूर्वजांचं भारी कौतुक. त्यांच्या घराण्यातलं एक जोडपं फार पूर्वी अमेरिकेतल्या जंगलात जाऊन राहिलं. झाडं तोडली, ओंडक्यांचं घर बांधलं, सात पोरं वाढवली. ती जमीन आधी कोणाची होती, हे बाई कधी सांगत नसत. मी विचारलं, तर म्हणाल्या, "रिकामीच होती." मग जुन्या पत्रांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. "तू कॉम्प्युटरवाला ना? यातून वंशवृक्ष करून दे. कराराचं मग बघू."

तीन शनिवार त्यात गेले. आमच्याकडे करतात तसाच केला. वर जोडपं, खाली चार मुलगे, त्यांचे मुलगे, नातू. तीन मुली लग्न होऊन गेल्या, त्या घ्यायच्या असतात हे माझ्या डोक्यातही आलं नाही. छान चौकट काढून छापला.

बाईंनी दारात उभ्याउभ्याच वाचला. बोट खालपर्यंत गेलं, परत वर आलं.

"यांची धाकटी मुलगी इथे परत आली. मी तिची खापरपणती. सो, व्हेअर अ‍ॅम आय?"

"दुरुस्त करतो. पाच मिनिटांचं काम."

"नो, यू आर ग्रँड," म्हणजे नको. "करार संपला की घर सोडा."

एका कागदापायी! आठवडाभर मी खोके भरत त्या बाईचा उद्धार करत होतो. बायको माझ्याशी बोलत नव्हती. कपाटाच्या तळातून आमची वंशावळ निघाली. बाबांनी मोठ्या हौसेनं लॅमिनेट करून दिलेली, अकरा पिढ्यांची. नऊ वर्षांची लेक एकेक अक्षर जुळवत वाचायला बसली. बोट सगळ्यात खाली, माझ्या नावापर्यंत आलं. त्याखाली कोरी जागा होती.

"बाबा, सो व्हेअर अ‍ॅम आय?"

"आधी तो खोका भर," मी खेकसलो. दुरुस्त करतो, एवढंसुद्धा तिला म्हणालो नाही.