किसनदादाची पांढरी भुकटी

भाच्याचा सकाळी फोन आला की बहुतेक गावाकडची खबर असते. कोणाचं लग्न ठरलं, कुठल्या गाईला कालवड झाली. त्या दिवशी तो नुसता ‘आत्या...’ म्हणाला आणि थांबला. किसनदादा गेला होता. गोठ्यातून आला, हातपाय धुतले, सुनेला चहा मागितला आणि चहा येईपर्यंत खुर्चीतच संपला. ज्याच्या चिकाटीच्या गोष्टी मी शाळेत वर्षानुवर्षं पोरांना ऐकवल्या, तो शेवटी एका कप चहासाठी थांबला नाही, याचा मला आधी रागच आला. रडू नंतर आलं. आता दीड महिना होत आला, तरी राग पुरता गेलेला नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, ढोरांचा डॉक्टर. आमचं गाव अनसिंगजवळचं. तेव्हा वाशीम हा अकोला जिल्ह्यातला तालुका होता. छप्पन साली आमच्या वडलांनी धम्मदीक्षा घेतली आणि गावात परत आल्यावर पहिलं काम केलं ते हे की मेलेली ढोरं ओढणं सोडलं. गावाने मजुरी बंद केली, विहीर बंद केली. वडील बधले नाहीत. घरात चूल पेटत नव्हती तेव्हाही ती गोष्ट आमच्या घरी अभिमानाने सांगितली जायची, आणि दादा ती ऐकतच मोठा झाला. तो नागपूरला जनावरांचा डॉक्टर व्हायला गेला तेव्हा लोक हसले, की घूम-फिरके पुन्हा ढोराकडेच! आईने त्यांना सुनावलं, “मेल्या नाई, जित्या ढोराकडं चालला माहा पोरगा.” वडलांनी त्याला डॉक्टर झालेलं पाहिलं नाही, एवढीच एक खंत.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. दादा पुढच्या पदवीच्या संशोधनासाठी गावाकडे आला. त्या वेळी आमच्याकडच्या गाई विचित्र वागायच्या. माती खायच्या, भिंती चाटायच्या, उन्हाळ्यात नाल्यापल्याड पडलेल्या सांगाड्यांची हाडं चघळत उभ्या राहायच्या. आमची तांबडी तर कपड्यांची वैरी होती. डी.एड.च्या मुलाखतीसाठी घेतलेली माझी निळी साडी तिने दोरीवरून ओढून निम्मी चावून टाकली. मी तिला काठी मारायला धावले तर दादा मध्ये आला. “तिले साडीची हौस नाई,” म्हणाला, “तिच्या अंगात स्फुरद कमी हाय.” मी म्हटलं, आणि माझ्या अंगात साडी कमी आहे, तिचं काय? पण पुढे त्याने नीट समजावलं. आमच्या जमिनीतच स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, थोडं, म्हणून चाऱ्यात थोडं, म्हणून गाईच्या हाडांत थोडं. हिरवा चारा नसला की अ जीवनसत्त्वही कमी पडतं, मग अंधारून आलं की ढोरं धडपडतात. अशी गाय वेळेवर माजावर येत नाही, दोन वेतांत वर्षंच्या वर्षं जातात. सरकीच्या ढेपेत रोज मूठभर क्षारांची भुकटी आणि जोडीला जीवनसत्त्व दिलं तर फरक पडतो का, हे त्याला गावातल्या निम्म्या गाईंना देऊन आणि निम्म्यांना न देता पाहायचं होतं. सरकारी गोठ्यात असे प्रयोग व्हायचे. दादाला ते आमच्या कुटारावर, नुसत्या भुशावर जगणाऱ्या गाईंवर करायचे होते.

पोतं घरी आलं तेव्हा आईने सहज विचारलं की हे कशाचं? दादाने सरळ सांगून टाकलं, की यात जास्त वाटा हाडांच्या भुकटीचा आहे. आईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. “तुह्या बापानं उपास काढले, पण हाडाले पुन्हा हात लावला नाई,” ती म्हणाली, “अन् तू ते पोत्यात भरून माह्या घरात आणून राह्यला?”

“आई, हे उकळून, दळून केलेलं औषध हाय.”

“मंग तुह्या कॉलेजात ठेव.”

दादाने पोतं उचललं आणि गणपतरावांकडे नेलं. गावात सगळ्यात जास्त गाई त्यांच्या. त्यांच्याशिवाय प्रयोग होणार नव्हता. ज्यांच्या तोंडी आमच्या वडलांचं नाव कधी धड आलं नाही, ते गणपतराव दादाला ‘डागदर’ म्हणायला लागले होते. त्यांनी पोत्यात काय आहे ते ऐकलं आणि हात जोडले. “डागदर, बाकी काही सांग. पण गाईच्या तोंडात हाडं? मले देवाच्या दारात उत्तर द्या लागन.”

“काका, उन्हाळ्यात तुमची गाय नाल्यापल्याड काय चघळून राह्यते, पायलं नाई का तुमी?”

“पायलं. पण ते ती खाते. मी देत नाई.”

एका घराला हाडं नकोत कारण ती सोडली, दुसऱ्याला नकोत कारण ती गाईची असतील. दोन्ही घरांची दारं बंद, आणि दादाचं पोतं रस्त्यावर! दवाखान्यातला त्याचा मित्र मधुकर, ढोरांना इंजेक्शनं देणारा, तो वैतागून म्हणाला, “अबे, पांढरी भुकटी हाय. दगडाची हाय म्हण. कोण विचारते?”

“कोणी विचारत नाई, म्हणूनच तर सांगा लागते,” दादा म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी पोतं घेऊन नागपूरच्या गाडीत बसला.

तिथे काय झालं ते त्याने मला खूप नंतर सांगितलं. खाणीतल्या दगडापासून कारखान्यात केलेली, ढोरांना चालणारी भुकटी मिळत होती. पण योजना नव्याने मंजूर करावी लागणार, म्हणजे वर्ष जाणार आणि ठरत आलेली नोकरीही जाणार. त्याचे प्राध्यापक चांगले गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, “हे कारण प्रबंधात कसं लिहिणार?” दादा म्हणाला, “घडलं तसं, सर. माझ्या आईने आणि गावाने नाही म्हटलं.” तो वर्गात सगळ्यात चुणचुणीत आणि सगळ्यात गरीब. आई कोण, तिने नाही का म्हटलं, हे त्याने त्या खोलीत मान वर करून सांगितलं... मला आजही त्याच्या पदवीपेक्षा या गोष्टीचा जास्त अभिमान वाटतो.

नोकरी गेली. वर्षाने दादा नवं पोतं घेऊन आला. ओसरीवर सोडलं, बोट ओलं करून बुडवलं आणि आईसमोर चाखलं. आईनेही बोट बुडवलं. “खारट हाय,” म्हणाली. “ठेव मंग त्या कोपऱ्यात.” गणपतरावांनी मात्र चाखलं नाही. म्हणाले, तुह्या मायनं ठेवून घेतलं ना, मंग झालं!

गाई कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरलं, आणि आमची तांबडी निघाली ज्यांना काहीच द्यायचं नाही त्या गटात. वर्षभर पोतं आमच्याच घरात आणि त्याच्यापासून चार हातांवर तांबडी भिंत चाटते आहे! गणपतरावांच्या कारभारीण आल्या की हटकून चिडवायच्या, “लेक डॉक्टर, अन् मायची गाय माती खाते.” एकदा शेजारणीने सुचवलं, एक मूठ टाकली तर किसनला काय कळतं? आई म्हणाली, “माह्यासाठी त्याचं वर्ष गेलं. त्याच्यासाठी माही गाय थांबन.” तिने पोत्याला हात लावू दिला नाही, मलाही नाही. तांबडीने त्या वर्षी आईच्या लुगड्याचा पदर, दादाचे दोन सदरे आणि शेजाऱ्याचं धोतर खाल्लं. आई ठिगळं लावत बसायची आणि तांबडीला म्हणायची, दम धर बाई.

प्रयोग फळला. भुकटी खाल्लेल्या गाई वेळेवर माजावर आल्या, भिंती सोडल्या. दादाने शेवटचं वजन घेतलं त्या संध्याकाळी आईला गोठ्यात बोलावलं आणि तांबडीच्या ढेपेत पहिली मूठ तिच्या हाताने टाकायला लावली. आई रडत होती आणि हसतही होती. गणपतराव मुद्दाम बघायला आले होते. ते म्हणाले, “तुहा बाप पायजे होता रे आज.” आमच्या अंगणात उभं राहून त्यांच्या तोंडून हे ऐकणं... दादाने त्यांना बसायला खाट टाकली.

पुढे तो मोठा अधिकारी झाला, रिटायर होऊन गावी परतला. पण गोठ्यातल्या डब्यातून आधी बोटभर चाखायचं आणि मगच ढेपेत टाकायचं, हे शेवटपर्यंत सुटलं नाही. सून म्हणायची, बाबांना डॉक्टरने मीठ बंद केलं आहे आणि हे गाईंचं खातात.

जलदानाचा विधी आटोपल्यावर सुनेने त्याचे कपडे धुतले. शेवटच्या सकाळी अंगात होता तो पांढरा सदरा तिने दोरीवर टाकला. दोरी अजून तिथेच, गोठ्याला लागून. मी ओसरीवर एकटी बसले होते. तांबडीच्या वंशातली तिच्याच रंगाची गाय बांधलेली होती. तिने मान लांब करून सदऱ्याकडे तोंड नेलं आणि मी जुन्या सवयीने ‘हट्’ करत उठले. तिने बाही हुंगली, थोडा वेळ हुंगतच राहिली. मग सोडून दिली आणि कडबा खायला लागली.